दुखणाऱ्यांच्या गावात एकटं दुखणं

कोंढ्यात कुणाचे गुडघे दुखतात ही बातमी नाही. पवनी तालुक्यातलं, भंडाऱ्याहून पवनीकडे येणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. वर्तमानपत्रात त्याचं नाव ‘कोंढा (कोसरा)’ असं शेजाऱ्यासकट छापून येतं. वैनगंगेच्या या चौरास पट्ट्यात जिथं पाणी आहे तिथं पावसाळी धान निघाला की उन्हाळी धान लागतो, म्हणजे वर्षातून दोनदा रोवणी. एक जुलै-ऑगस्टात, दुसरी जानेवारी-फेब्रुवारीत. या भागातल्या माणसाला रोवणी समजावून सांगायची गरज नाही. बाहेरच्या वाचकासाठी एवढंच सांगतो, की बांधीतल्या घोटाभर चिखलात कमरेतून वाकून, एका हातात पऱ्ह्यांची जुडी धरून, दुसऱ्या हातानं रोपं खोवत दिवसभर मागं मागं सरकायचं असतं. हे काम बहुतेक बायाच करतात. वीस-पंचवीस हंगाम ते केलेल्या बाईचे सांधे शाबूत राहिले तर त्याचंच नवल.

निदान झालेल्या रोग्याला सोबती मिळावा, याबद्दल जे लिहिलं-बोललं जातं त्यामागं एक गृहीत असतं: आजार अनोळखी, रोगी एकटा आणि भोवतालच्या कुणाला त्यातलं काही ठाऊक नाही. कोंढ्यात याच्या नेमकं उलटं आहे. इथं सगळ्यांनाच सगळं ठाऊक असतं. पस्तिशीतली एखादी बाई नागपूरहून रक्ताचे रिपोर्ट आणि गोळ्यांची पिशवी घेऊन येते, ओसरीवर जमलेल्या बायांना सांगते की आमवात निघाला, आणि उत्तर मिळतं, “मलेबी त दुखते माय, मंग का करू?” त्यात दुष्टावा नसतो. बोलणारीचे गुडघे खरोखरच ठणकत असतात. पण त्या एका उत्तरानं नव्या रोगिणीचा आजार गावाच्या सामायिक थकव्यात जमा होतो आणि पुढच्या वेळी ती बोलतच नाही. सासू म्हणते, आमच्या वेळी नव्हतं का हे? नवरा म्हणतो, गोळ्या महाग आहेत, तेल लावून बघ. ही पुस्तिका ज्या गोष्टीसाठी लिहिली आहे ती एवढीच: अशा गावात संधिवाताचा रोगी एकटा पडतो तो इतर कुणाला दुखत नाही म्हणून नव्हे, सगळ्यांनाच दुखतं म्हणून. त्याला हळहळणारी माणसं भरपूर मिळतात. त्याला हवा असतो त्याच रोगाचा दुसरा माणूस.

तोच रोग म्हणजे कोणता, याचा घोळ आधी मिटवायला हवा. रोवणीनं, ओझ्यानं, वयानं गुडघ्यातली कूर्चा झिजते. त्याला डॉक्टर ‘वंगण संपलं’ म्हणतात. हे दुखणं कामानं वाढतं आणि बसलं की उतरतं. सकाळी उठल्यावर पाच-दहा मिनिटं, फार तर अर्धा तास पाय आखडल्यासारखा वाटतो, मग चालता येतं. आमवाताची, म्हणजे ज्याला डॉक्टर र्‍हुमॅटॉइड आर्थरायटिस म्हणतात त्याची चाल निराळी आहे. शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांच्या बोटांची पेरं, मनगटं, तळपायाचे लहान सांधे जोडीजोडीनं सुजतात. सकाळी तासभर, कधी दोन तास मूठ वळत नाही. आराम केल्यानं बरं वाटायच्या ऐवजी अंग जास्तच आखडतं. बारीक ताप राहतो, वजन उतरतं, रक्त कमी होतं आणि असा थकवा येतो की तो झोपेनं जात नाही. पुरुषांपेक्षा बायांमध्ये हा आजार दुप्पट-तिप्पट आढळतो आणि तो बहुधा ऐन कर्त्या वयात, तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान गाठतो. उपचार लांबले तर पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच हाडं कुरतडली जाऊ लागतात. एकदा वाकडी झालेली बोटं गोळीनं सरळ होत नाहीत.

म्हणून झिजेच्या आणि आमवाताच्या रोगिणीला एकच सल्ला देणं घातक आहे. झिजलेल्या गुडघ्याची कूर्चा परत आणणारी गोळी अजून निघालेली नाही. तिथं मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन, काठी आणि शेवटी शस्त्रक्रिया हाच क्रम आहे. आमवाताच्या बाबतीत मात्र औषधं आजाराची चालच बदलतात, अट एवढीच की ती लवकर सुरू व्हावीत. तेल लावून वाट बघण्याची किंमत पहिलीला फारशी पडत नाही. दुसरीचा हात जातो. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराला माधवकरानं ‘माधवनिदान’ रचलं तेव्हाच आमवात हा वेगळा आजार म्हणून मांडला होता. जुन्या वैद्याला जो भेद दिसत होता तो आपल्या ओसरीवर अजून पुसलेलाच आहे.

आणि आमवात काही एकटा नाही. 2006 च्या चिकुनगुनियाच्या साथीनंतर विदर्भातल्या किती तरी घरांत सांधे महिनोन्‌महिने धरलेले राहिले. ताप गेला, पण उठताना भिंतीचा आधार सुटला नाही. विशी-पंचविशीतल्या मुलांना पाठीच्या कण्याचा एक संधिवात होतो, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. पहाटे पाठ लाकडासारखी होते आणि हालचाल केली की मोकळी होते. या मुलाचं दुखणं कुणालाच दिसत नाही. सूज नाही, लंगडणं नाही, आणि दहा वाजता तो नीट चालतो. मग तो आळशी ठरतो. चार-पाच वर्षं ‘कामाचा कंटाळा’ म्हणून ऐकून घेतल्यावर एक दिवस कळतं की हा आजार होता. गावातल्या वयस्क बायांचा गट अशा मुलाच्या काही उपयोगाचा नाही आणि त्याचा त्यांना. सोबती शोधताना ही गाठ ध्यानात ठेवावी लागते.

पूर्व विदर्भात आणखी एक पेच आहे. सिकलसेल. लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडासांध्यांत असह्य कळा येतात. लहान मुलांचे हातपाय सुजतात, तरुणपणी खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. वर्षानुवर्षं हे दुखणं ‘वात’ म्हणूनच चोळलं गेलं. भंडारा जिल्ह्यात सांधे दुखणाऱ्या मुलाची सिकलसेलची तपासणी झाल्याशिवाय त्याला संधिवाताचा शिक्का मारू नये, हे आशाताईंना आता माहीत असतं. आजीला माहीत नसतं. रोग्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी एकत्र येऊन काय होतं, याचं आपल्या सर्वांत जवळचं उदाहरणही याच आजारातलं आहे. नागपूरचे संपत रामटेके आणि सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया यांनी हा आजार घराघरांतल्या लपवाछपवीतून बाहेर काढून सरकारच्या टेबलावर नेला. रामटेके यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले, तेव्हा त्यात सिकलसेल आला. आमवात त्या यादीत स्वतःच्या नावानं नाही. हातपाय कायमचे वाकडे झाले तर तो ‘चलनवलन’ या सदरात, चाळीस टक्क्यांच्या मोजपट्टीनं मोजला जातो. म्हणजे बोटं वाकडी होईपर्यंत सरकारदरबारी रोगी नसतो. सिकलसेलवाल्यांच्या मागं माणसं उभी राहिली, संधिवातवाल्यांची माणसं अजून एकमेकांना भेटलेलीसुद्धा नाहीत.

ती किती असतील? महाराष्ट्रात यावर नीट काम झालेलं एक गाव आहे, भिगवण. पुणे जिल्ह्यातलं, इंदापूर तालुक्यातलं. उजनीच्या पाण्यावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळं पर्यटकांना ठाऊक असलेलं. सैन्यातून निवृत्त झालेले संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 मध्ये तिथं घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या ‘कॉपकॉर्ड’ या कार्यक्रमाचा तो भाग होता. प्रश्न विचारायला गावातलेच स्वयंसेवक तयार केले गेले. रोगी दवाखान्यात येईल तेव्हा मोजायचा, या जुन्या पद्धतीला ही पाहणी फाटा देणारी होती. चार हजारांहून थोड्या अधिक प्रौढांपैकी साधारण अठरा टक्क्यांनी हाडासांध्यांच्या दुखण्याची तक्रार सांगितली. तपासणीत झिजेचा संधिवात सुमारे 5.8 टक्क्यांना निघाला, आमवात 0.5 टक्क्यांना.

अर्धा टक्का म्हटलं की माणूस पान उलटतो. इथं थोडं थांबून हिशेब करावा. भिगवण म्हणजे कोंढा नव्हे. तिथली शेती वेगळी, पाणी वेगळं, माणसांची कामं वेगळी. तरी अंदाज बांधायला तो आकडा पुरतो. चार हजार प्रौढांच्या गावात अर्धा टक्का म्हणजे वीस माणसं. झिजेच्या संधिवाताची सव्वादोनशेच्या वर. आणि नुसतं दुखतंय म्हणणारी सातशेच्या पुढं. म्हणजे सातशेंच्या गलक्यात वीस जणांचा आवाज हरवलेला असतो, पण ते वीस जण असतात. दोन आळ्या सोडून राहतात, एकाच किराणा दुकानात जातात, एकाच गाडीनं भंडाऱ्याला किंवा नागपूरला तपासणीला जातात आणि एकमेकांना ओळखत नाहीत, कारण प्रत्येकीनं आपली पिशवी पदराखाली धरलेली असते. गट करायचा म्हणजे कुठून तरी माणसं आणायची नाहीत. जी आहेत त्यांना एकमेकांची ओळख करून द्यायची.

ओळख झाल्यावर त्या काय बोलतील, असा प्रश्न मला एका शिकलेल्या माणसानं विचारला होता. रडगाणंच गातील ना, असा त्याचा रोख होता. संधिवात झालेल्या दोन बायांना त्यानं कधी बोलताना ऐकलं नसावं. बोलणं बांगड्यांवरून सुरू होतं. सुजलेल्या पेरांवरून बांगडी चढत नाही, चढली तर उतरत नाही. हात मोकळे ठेवले तर चारचौघी बघतात, सणासुदीला कासारासमोर हात पुढं करायची लाज वाटते. मग एकजण सांगते की पेचाच्या, उघडमीट होणाऱ्या बांगड्या मिळतात. डॉक्टरांच्या पाच मिनिटांत हे येत नाही. शौचालयाचंही तसंच. गेल्या काही वर्षांत गावोगाव शौचालयं बांधली गेली, ती बहुतेक उकिडवं बसायची. ज्याचा गुडघा वळत नाही त्यानं काय करावं, हे कुणी विचारलं नाही. ज्या बाईनं मधोमध भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची आणून त्यावर ठेवली, तिला दहाजणींना सांगण्यासारखं काही सापडलेलं असतं. पण तो विषय ती फक्त दुसऱ्या तशाच बाईपाशी काढू शकते. लुगड्याच्या निऱ्या बोटांनी खोचता येत नाहीत तेव्हा काय करायचं, पाण्याचा गुंड कमरेवर घेण्याऐवजी अर्ध्या-अर्ध्या बादल्यांनी पाणी कसं भरायचं, चिमट्याच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड केली की कसं धरवतं, सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून मग चहा ठेवायचा की आधी चहा. पुस्तकांत याला फार मोठं नाव आहे. इथं त्याला गप्पा म्हणतात.

खाली बसण्याचा प्रश्न मला या सगळ्यात सर्वांत मोठा वाटतो आणि त्यावर कुणी फारसं लिहीत नाही. आपलं सगळं सामाजिक आयुष्य जमिनीवर चालतं. पंगत जमिनीवर, हळदीकुंकू जमिनीवर, भजन जमिनीवर, बचत गटाची बैठक सतरंजीवर. दिवाळीनंतर मंडई भरते, पाहुणे येतात आणि रात्रभर झाडीपट्टीचं नाटक चालतं तेही मांडी घालून बघायचं. ज्याला खाली बसून उठता येत नाही तो यातल्या एकेका ठिकाणाहून गळत जातो. आधी पंगत सुटते, मग भजन, मग मंडई. खुर्ची मागता येते, पण वडीलधारी माणसं खाली बसली असताना अडतीस वर्षांच्या सुनेनं खुर्ची मागणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला या आजाराचं अर्धं कळलं. एकटी ती मागत नाही. तिघी मिळून सहज मागतात. तिघींसाठी तीन खुर्च्या लागल्या की तो उद्धटपणा न राहता व्यवस्था होते.

मजुरीचा भाग याहून अवघड आहे. रोवणी पुष्कळदा ठेक्यानं घेतली जाते. टोळी ठरते, एकराचा भाव ठरतो, पैसे सारखे वाटले जातात. त्यात एकीचे हात मंद झाले की बाकीच्यांच्या मजुरीला कात्री लागते. काही टोळ्या आपल्या बाईला सांभाळून घेतात, तिला जुड्या पोचवण्याचं किंवा धुऱ्यावरचं काम देतात. काही पुढच्या हंगामाला तिच्या दारावरून न थांबता जातात. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे, पण त्यांचीही चूल त्याच मजुरीवर पेटते. म्हणून संधिवातवाल्यांच्या गटानं मजुरीचा प्रश्न आपल्यापुरता ठेवून चालत नाही, टोळीच्या मुख्य बाईशी बोलावं लागतं. ‘हिला काम देऊ नका’ आणि ‘हिला सारखंच काम द्या’ या दोन्हींच्या मधलं काहीतरी ठरवावं लागतं. ते कसं, याचं एकच उत्तर माझ्यापाशी नाही. पुस्तिकेत त्यावर मोकळी पानं आहेत.

सोबतीनं खरंच काही फरक पडतो का? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून संधिवाताच्या रोग्यांसाठी वर्ग चालवले. आठवड्यातून एकदा दोन तास, असे सहा आठवडे, दहा-पंधरा माणसं. शिकवणारे डॉक्टर नसत, साधी माणसं असत आणि त्यांतल्या पुष्कळांना स्वतःला संधिवात असे. 1993 मध्ये त्यांनी चार वर्षांनंतरचा हिशेब छापला: वेदना सरासरी वीस टक्क्यांनी उतरल्या होत्या, डॉक्टरकडच्या फेऱ्या चाळीस टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. आणि त्याच काळात शारीरिक असमर्थता नऊ टक्क्यांनी वाढली होती. हा शेवटचा आकडा मला पहिल्या दोन्हींपेक्षा मोलाचा वाटतो. आजार पुढं सरकत होता, तरी दुखणं कमी जाणवत होतं. लोरिग यांच्या लक्षात आलेली दुसरी गोष्टही विचार करायला लावणारी आहे. ज्यांनी व्यायाम जास्त केला तेच जास्त सुधारले असं सरळ गणित निघालं नाही. ‘मला यावर काहीतरी करता येतं’ असा भरवसा ज्यांचा वाढला त्यांचं दुखणं उतरलं. असा भरवसा डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देऊ शकत नाही. तो आपल्यापेक्षा दोन वर्षं आधी आजारी पडलेल्या आणि आज भाकरी थापणाऱ्या बाईकडं बघून येतो.

उलट बाजूही सांगायला हवी. ब्रिटनमध्ये असेच वर्ग झिजेच्या संधिवाताच्या आठशेवर रोग्यांवर तपासून पाहिले गेले आणि 2006 मध्ये निष्कर्ष आला की वेदनेत, हालचालीत किंवा डॉक्टरकडच्या फेऱ्यांत लक्षणीय फरक नाही. चिंता मात्र कमी झाली आणि आजार हाताळण्याचा विश्वास वाढला. तेव्हा गटात आलं की गुडघा बरा होईल असं कुणी सांगू लागलं तर त्याला आवरावं. गटानं काळजी हलकी होते, आणि पहाटे चारला कळ निघाल्यावर एकटीनं छताकडं बघत पडलेल्या माणसाला काळजी हलकी होणं कमी वाटत नाही.

आपल्याकडची साक्ष हवी असेल तर कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांची आहे. त्यांचा आजार संधिवात नव्हे. ऐन तरुणपणी कमरेखालचं शरीर लुळं पडलं. त्यांना उभं केलं ते बाबूकाका दिवाण यांच्या भेटीनं. बाबूकाका स्वतः चाकाच्या खुर्चीत होते आणि उद्योग चालवत होते. पुढं हुरजूक यांनी 1984 मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था काढली आणि ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र लिहिलं. डॉक्टर, आईवडील, शेजारी सगळे समजूत घालत होतेच. फरक पडला तो समोरचा माणूसही त्याच खुर्चीत बसलेला होता म्हणून.

सोबतीतून अपायही होतो, आणि तो आपल्या भागात नेहमीचा आहे. ‘मला ही गोळी लागू पडली, तूही घे.’ गावोगाव विकल्या जाणाऱ्या ‘वाताच्या पुड्या’ अशाच तोंडोतोंडी पसरतात. पहिल्या चार दिवसांत बाई धावायला लागते, कारण त्यांतल्या पुष्कळ पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं असतं. मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि पुडी अचानक बंद केली की जीवावर बेततं. बिब्ब्याचे चटके आणि डाग देणं अजून संपलेलं नाही. भाजलेल्या कातडीला जंतुसंसर्ग होतो, सांधा आहे तसाच राहतो.

पण सर्वांत मोठा धोका दवाखान्याच्याच गोळीत आहे, म्हणून तो ठळक लिहितो. आमवातावर जगभर सर्वांत आधी दिली जाणारी गोळी मेथोट्रेक्सेट. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नव्हे. आपल्या लोकांना गोळी म्हणजे सकाळ-संध्याकाळ हीच सवय आहे. चिठ्ठी इंग्रजीत, दुकानदार घाईत, घरातला नातू वाचणारा. ही गोळी चुकून रोज घेतली गेली की तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी कोसळतात आणि माणूस दगावू शकतो. सोबतच्या फॉलिक ॲसिडच्या गोळीशी तिची अदलाबदल झाली तरी हेच होतं. गरोदर बाईनं किंवा मूल हवं असलेल्या बाईनं ती घ्यायची नसते, बाळाला अपाय होतो. आणि ती स्वतःच बंद करण्याऐवजी आधी डॉक्टरला सांगायचं असतं. गटानं दुसरं काहीच केलं नाही, फक्त प्रत्येकीच्या पाकिटावर मराठीत ‘फक्त’ असं लिहून पुढं तिच्या डॉक्टरनं ठरवलेला वार लिहिला आणि दर बैठकीला ती पाकिटं तपासली, तरी त्यानं एखादा जीव वाचेल. रक्ताची आणि यकृताची तपासणी ठरल्या वेळी झाली का, हे विचारायलाही गटच हवा. दुखणं थांबलं की तपासणीला जायचं भाडं घरात पहिल्यांदा कापलं जातं.

रिपोर्टचंही असंच. ‘आरए फॅक्टर पॉझिटिव्ह’ एवढ्यावरून आमवात ठरत नाही, तो निरोगी माणसातही कधी कधी पॉझिटिव्ह येतो. आणि निगेटिव्ह आला म्हणून आजार नाही असंही नसतं. युरिक ॲसिड थोडं वाढलेलं दिसलं की डाळी बंद, टमाटा बंद, हा तर घरोघरचा कायदा झाला आहे. आधीच रक्त कमी असलेल्या बाईच्या ताटातली डाळ काढायला रिपोर्टचा एक आकडा पुरतो. गटानं निदान करू नये, औषध बदलू नये, आणि ताटातलं काही काढायला सांगू नये. डॉक्टरला काय विचारायचं ते मात्र जरूर लिहून द्यावं.

बचत गट असताना नवा गट कशाला, असं अनेकांना वाटेल. 1975 मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळानं आणि पुढं उमेद अभियानानं गावोगाव बायांना एकत्र बसायची, नोंदवही ठेवायची, पाळीपाळीनं बोलायची सवय लावली. ती आयती मिळालेली मोठी ठेव आहे. तरी बचत गटाच्या बैठकीतच संधिवाताचा विषय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथं प्रत्येकीनं कर्ज घेतलेलं असतं किंवा घ्यायचं असतं. आपले हात चालत नाहीत हे ज्या बायांसमोर हप्ता फेडायचा त्यांच्यासमोर कोण कबूल करेल? जागा तीच ठेवावी, सतरंजी तीच, वार दुसरा. लग्नाची मुलगी असेल तर तिला बैठकीला बोलावूसुद्धा नये. दुसऱ्या गावातल्या तिच्याच वयाच्या, त्याच आजाराच्या मुलीचा फोन नंबर दोघींच्या संमतीनं द्यावा. दोघींचा गटही गटच असतो. पाठीच्या संधिवाताच्या मुलांनाही हाच मार्ग बरा.

ही पुस्तिका डॉक्टरांसाठी नाही, तरी एखाद्या डॉक्टरनं ती वाचली तर त्यांना विनंती आहे. तुमच्याकडं एकाच तालुक्यातले दोन आमवाताचे रोगी येत असतील तर त्यांना विचारून, त्यांना एकाच दिवशीची तारीख द्या. गाडीत शेजारी बसून जाण्यायेण्यात जे बोलणं होईल ते कुठल्याही वर्गात होणार नाही. शिवाय रिक्षाचं भाडंही वाटून जातं.

आता गट सुरू करणाऱ्यांसाठी थोडं. पहिली बैठक रोवणीत ठेवू नये, कापणीतही नाही. मंडईचे पाहुणे परतले की उन्हाळी धानाची घाई सुरू होण्याआधीचे दिवस बरे. वेळ सकाळी अकराच्या आधीची नको, तोवर अर्ध्याजणींचे हात सुटलेले नसतात. जागेला पायऱ्या नसाव्यात आणि शौचालय जवळ असावं. गुडघ्याच्या झिजेवाल्या बायाही येतील, त्यांना परत पाठवू नये. त्यांच्यासाठी व्यायामाची पानं शेवटी दिली आहेत. पण सुजलेल्या बोटांच्या बायांना एका बाजूला वेगळं बसता येईल एवढी जागा ठेवावी. खुर्च्या हव्यात का, असं विचारू नये. विचारलं की प्रत्येकजण ‘नको, खालीच बरं’ म्हणते. मांडून ठेवाव्यात, आणि पहिली खुर्ची गटातल्या सर्वांत तरुण बाईला द्यावी.